मुंबई ते पणजी आणि परत, कुटुंबासह शिडाच्या बोटीने: बोट कोणती, तयारी काय?

खाडीकाठचा (धागाकर्ता), ३ जून

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचक होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही चौघं. मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि बाबा (वय ७१, पोहायला माझ्यापेक्षा बरे). गाव रेवदंड्याजवळ, नोकरी मुंबईत. मुंबई बंदरात सहा वर्षं सीबर्ड आणि जे-२४ या छोट्या शिडाच्या बोटींवर क्रू म्हणून जातोय. दोर कधी ओढायचा आणि कधी सोडायचा ते कळतं, पण संध्याकाळी घरी येऊन जेवायची सवय आहे. आता स्वतःची बोट घेऊन मुंबई ते पणजी आणि परत, वाटेत खाड्यांमध्ये मुक्काम करत, महिनाभराचा प्रवास करायचाय. बजेट दुरुस्तीसकट पंचवीस लाख. त्यापुढे गेलं तर घरात मलाच नांगराला बांधतील.

तीन बोटी बघून ठेवल्यात:

१) ३८ फुटी फायबरची, खोल फिन कील (बुडाखालचं उभं पातं), पाण्याखाली २.१ मीटर. देखणी. पण जुनी आहे आणि बजेट ताणावं लागेल.
२) २९ फुटी, जुनी ब्रिटिश बांधणी, जोड कील (खाली दोन पाय), पाण्याखाली जेमतेम १.१ मीटर. दिसायला बादली.
३) गावातल्या ओळखीच्यांचा ३४ फुटी लाकडी मचवा. इंजिन आहे, शीड नव्याने बसवावं लागेल.

शाळेची सुट्टी बघता पुढच्या मे महिन्यात निघायचा विचार आहे. मोकळेपणाने सांगा.

---

गुहागरी, ३ जून

मे वाचला आणि पुढचं वाचायचं थांबवलं.

आज तारीख काय आहे बघा. २०२० साली याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ आत शिरलं होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने अख्खा किनारा झोडपला. माडांची रांग गवतासारखी आडवी झालेली मी स्वतः पाहिली आहे. अरबी समुद्रात वादळाचे दोन मोसम. एक पावसाच्या तोंडावर, दुसरा पाऊस गेल्यावर. त्यामुळे दिवाळीची सुट्टीही बेभरवशाची. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा तुमचा काळ. मार्चपासून दुपारचा वायव्येचा वारा तापट होत जातो. शाळा बुडवा नाहीतर प्रवासाचे तुकडे करा. कोकण रेल्वे कशाला आहे?

---

दर्यादिल, ४ जून

३८ फुटी घ्या हो! आयुष्यात एकदाच घ्यायची असते. लांब बोट वेगाने जाते, लाटेवर कमी आपटते. उद्या लक्षद्वीपला जावंसं वाटलं तर? आपल्याच गोव्यात बांधलेल्या म्हादेई बोटीने दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. आणि आपण हर्णैला जायला घाबरायचं?

---

गुहागरी, ४ जून

म्हादेई ५६ फुटी आणि दक्षिण महासागरासाठी बांधलेली. यांना हर्णैला जाऊन आजोबांना कोळंबी खायला घालायची आहे. दोन्ही कामं थोर, पण बोट एक नाही.

---

सुताराचा पोर, ४ जून

मचव्याबद्दल मी बोलतो, कारण आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम.

तुमच्या मनात मचवा म्हणजे सागवान, उंच डोलकाठी, तिरकं परभाण (शीड बांधायचं लांब लाकूड) आणि मावळतीला फुगलेलं शीड. चित्र झकास. खरी गोष्ट अशी की इंजिनावर चालायला बांधलेल्या मचव्यावर शीड नुसतं ठेवून चालत नाही. डोलकाठीचा रेटा खाली कण्यावर कुठे जाणार, शीड वर चढल्यावर बोट किती कलणार, खाली वजन किती हवं, हे सगळं नव्याने बघावं लागतं. आणि परभाणाचं शीड दुसऱ्या अंगाला घ्यायचं तर अख्खं परभाण डोलकाठीच्या पुढून फिरवावं लागतं. त्याला चार तगडे खलाशी लागतात. तुमच्याकडे बाबा आणि पाचवीतली मुलगी.

वर दरवर्षी लाकडाच्या फटी उघडून कापूस ठोकायचा, तेल-राळ भरायची. मला आवडतं ते काम. नोकरीवाल्या माणसाला आवडेल असं वाटत नाही. मचवा सोडा. आमच्या धंद्याविरुद्ध बोलतोय, म्हणून तरी ऐका.

---

खाडीकाठचा, ५ जून

मचवा रद्द. बाबा हिरमुसलेत. त्यांच्या लहानपणी रेवदंड्याच्या खाडीत शिडाचे मचवे कौलं घेऊन यायचे, ते त्यांनी पाहिलेत.

आता ३८ की २९?

---

भरतीओहोटी, ६ जून

लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

मुंबई ते पणजी सागरी अंतर सव्वादोनशे मैलांच्या आसपास. २९ फुटी बोटीची पाण्यालगतची लांबी धरू २४ फूट. तिचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे साडेसहा नॉट (तासाला तितके सागरी मैल) ही तिची वरची मर्यादा. कुटुंब घेऊन, वारा कमीजास्त होत, साडेचारची सरासरी पडली तरी देव पावला. म्हणजे एकूण पन्नास तास. रोज सहा-सात तास चालायचं धरलं तर सात-आठ टप्पे. नकाशावर अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा टप्पे बोटाने मोजता येतात. राजपुरी ते हर्णै तीसच्या आत, हर्णै ते जयगड तीसच्या आसपास, जयगड ते रत्नागिरी वीस, तिथून विजयदुर्ग पंचवीस-सव्वीस. हा किनारा जणू छोट्या बोटींसाठीच खाड्या खोदून ठेवलेला आहे. ३८ फुटीने दिवसाला फार तर तासभर वाचेल. त्या तासाभरासाठी पाण्याखाली एक मीटर जादा घेऊन फिरायचं का?

कारण आपल्या खाड्यांची तोंडं. बाणकोट, केळशी, अशा कितीतरी ठिकाणी मुखाशी वाळूचा बार. आत पाणी खोल, बाहेर खोल, मधे उंबरा. २.१ मीटरच्या बोटीला तिथे भरतीचा एखादाच तास मिळतो. १.१ मीटरवालीला अर्धा दिवस. दुपारी वायव्येचा वारा लाटा घेऊन आत येतो आणि त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असेल, तर दोघं उंबऱ्यावर भांडतात. लाटा उभ्या राहतात. तिथे बोट तळाला टेकली की संपलं.

आता जुन्या माणसांचं गणित. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी. दक्षिणेला भरती थोडी आधी येते आणि उंचीही कमी होत जाते. मुंबईला उधाणाला चार-पाच मीटर चढउतार, गोव्यात दोनच्या आसपास. नेमक्या वेळेसाठी छापील भरतीचं कोष्टक बघायचंच. पण प्रवासाचा आराखडा तिथीवर बसतो.

जाताना वारा पाठीशी. हिवाळ्यात वारा दुपारी वर येतो, म्हणजे तुम्ही खाडीच्या तोंडाशी चार-पाचला पोचणार. तेव्हा पाणी चढतं हवं, म्हणजे जाणं अष्टमीच्या आगेमागे. भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) भरती उथळ असते खरी, पण १.१ मीटरला पुरते.

येताना उलटं. दुपारी तोच वारा तोंडावर. जोड कीलची बोट वाऱ्याच्या तोंडाला नीट चढत नाही, ही तिची मोठी खोड. पन्नास-पंचावन्न अंशांच्या आत नाक घालायला गेलात की आडवी सरकते. मग दुपारी चालायचंच नाही. पहाटे तीनला नांगर उचला. मतलई वारा जमिनीवरून आडवा मिळतो, त्यावर ही बादलीसुद्धा पळते. नऊ-दहाला वारा पडला की इंजिन, आणि दुपारी खारा वारा सुरू व्हायच्या आत नांगरावर. त्या वेळी चढतं पाणी कधी मिळतं? पौर्णिमेपासून वद्य चतुर्थीपर्यंत. शिवाय पहाटे डोक्यावर चंद्र, जाळ्यांचे बोये दिसतात.

माझं मत उघड आहे.

---

दर्यादिल, ६ जून

पंचांग बघून यॉटिंग! पण युक्तिवाद बिनतोड आहे, हरलो.

---

दोन पोरांची आई, ८ जून

सगळे कील आणि वाऱ्यावर बोलताय. संडासावर कोणी बोललं का?

आम्ही (नवरा, मी, तेव्हा सात आणि दहाची मुलं) मुंबई-रत्नागिरी केलंय. बोट ठरवताना तुमच्या बायकोला एकटीला आत अर्धा तास बसू द्या. दार लागतं का, डोकं आपटतं का, डिझेलचा वास येतो का. वास येणाऱ्या बोटीवर निम्मं कुटुंब पहिल्या तासात आडवं होतं. झोपायच्या जागा मोजताना विक्रेता 'सहा बर्थ' म्हणतो, त्यातल्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, चालत्या बोटीत झोपायला निरुपयोगी असतात, उसळ्या मारतात. मधल्या बर्थला कापडी आडोसा शिवून घ्या, म्हणजे बोट कलली तरी मूल खाली पडत नाही.

मुलीचं लाइफ जॅकेट तिच्या वजनाचं आणि मांडीतून पट्टा जाणारं हवं. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर आणि मूल खाली. डेकवर नाळेपासून मागेपर्यंत सपाट पट्टे बांधा, अंगावरच्या हार्नेसचा दोर त्यात अडकवायचा. आमच्याकडे नियम साधा होता. आई-बाबा अडकवलेले नसतील तर मुलांनीही विचारायचं, 'तुम्ही का नाही?' दोन दिवसांत नवरा सुधारला.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर निघून जात नाही, बोटीच्या तळाशी साचतो. सिलिंडरचा कप्पा बाहेर उघडणारा, बुडाला भोक असलेला. स्वयंपाक झाला की नळी नव्हे, सिलिंडर बंद.

पाणी: पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी चार लिटर धरा. चौघांचे रोज सोळा. भांडी समुद्राच्या पाण्यात. उलटीसाठी गोळी डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः बाबांना बीपीची औषधं असतील तर. आम्हाला आल्याच्या वड्या आणि कोकमाच्या आगळ-पाण्याने निम्मं काम भागलं.

आणि थेट गोव्याला निघू नका. पहिली रात्र मांडव्याच्या समोर नांगरावर काढा. सकाळी सगळे एकमेकांशी बोलत असतील तर पुढे जा.

---

खाडीकाठचा, ९ जून

ताई, बायकोने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आता तिला माझ्यापेक्षा तुमच्यावर भरवसा आहे.

---

खाडीकाठचा, २१ सप्टेंबर

अपडेट. बादली घेतली. नाव लेकीने ठेवलं 'टिटवी'.

घेतानाची कथा सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मध्यस्थ म्हणाला, 'इंजिन एका सेल्फला उठतं.' उठलं. आमचा तपासनीस आल्या आल्या इंजिनवर हात ठेवून म्हणाला, 'हे आत्ताच चालवून बंद केलंय.' दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी सातला गेलो. थंड इंजिन आठव्या प्रयत्नाला, काळा धूर ओकत. दीड लाख किंमत तिथेच उतरली. डिझेलची टाकी उघडली तर तळाला पाणी आणि काळा गाळ. टाकी धुतली, दोन फिल्टर बसवले, इंजेक्टर साफ करून घेतले.

पाण्याबाहेर काढून लाकडी हातोडीने सगळं बुड वाजवून पाहिलं. चांगल्या जागी टणटण, एका ठिकाणी भद. ती डावी कील जिथे बुडाला मिळते तिथली जागा. तपासनीस म्हणाला, जोड कीलच्या बोटी वर्षानुवर्षं ओहोटीला जमिनीवर उभ्या राहिल्या की तिथेच तडे जातात. आतून आडव्या फळ्या टाकून फायबर चढवलं. यातच दीड महिना गेला. डोलकाठीच्या ताणाच्या तारा किती जुन्या ते कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्या बदलल्या. दहा-बारा वर्षांनी बदलायच्याच असतात, आणि तुटल्यावर कळून उपयोग नाही. बुडातल्या प्रत्येक वॉल्व्हला शेजारी लाकडी खुंटी दोरीने बांधली. वॉल्व्ह गेला तर अंधारात शोधायला नको.

बजेट? त्या विषयावर घरात मौन आहे.

आता प्रश्न नांगराचा. बोटीबरोबर आलाय तो लेकीच्या दप्तराएवढा.

---

भरतीओहोटी, २२ सप्टेंबर

तो नांगर छोट्या होडीला ठेवा. तुमच्या बोटीला पंधरा किलोचा, चिखलात रुतणारा हवा. आपल्या खाड्यांत बहुतेक चिखलच आहे. साखळी आठ मिलिमीटरची तीस मीटर, पुढे तीस मीटर नायलॉन. सगळी साठ मीटर साखळी घातलीत तर ऐंशी किलोच्या वर वजन नाळेवर बसेल आणि बोट नाक खुपसेल.

किती सोडायचं याचा हिशोब करताना माणसं भरती विसरतात. आत्ता ओहोटीला चार मीटर पाणी, रात्री अडीच मीटर चढणार, नाळ पाण्यापासून एक मीटर उंच. बेरीज साडेसात. साखळीला त्याची पाचपट, दोर धरला तर सातपट. मुखाजवळ नांगरलात तर सहा तासांनी पाणी उलटं वाहतं, बोट फिरते, नांगर उपटून पुन्हा रुततो की नाही ते बघायला जागं राहा. मोबाईलला नांगराचा अलार्म लावा. एकावर विसंबू नका, काठावरच्या दोन दिव्यांची रेघ धरून ठेवा.

---

गुहागरी, २२ सप्टेंबर

भर घालतो. व्हीएचएफ रेडिओ हवाच, सोळा नंबर चॅनेल कायम चालू. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ लेकीलासुद्धा पाठ हवा. परदेशातून कोणी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र भेट दिलं असेल तर ते घरी ठेवा. परवानगीशिवाय आपल्याकडे ते बेकायदा आहे, पाहुण्यांना यावरून अटक झाली आहे. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉइस या सरकारी सागरी संस्थेचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघा.

मेरीटाइम बोर्डाच्या नोंदणीची, विम्याची, आधार कार्डांची प्रत्येकी पाच-सहा प्रती. प्रत्येक बंदरात कोणीतरी साहेब येतो आणि शिडाच्या बोटीत कुटुंब बघून चक्रावतो. बाबांना पुढे करा. ७१ वर्षांच्या माणसाशी कोणी आवाज चढवत नाही.

रायगडच्या किनाऱ्याला डोल जाळ्यांचे खुंट आहेत. रात्री त्या पट्ट्यात जवळून जाऊ नका. बोटीच्या पंख्यात दोर अडकला तर कोणीतरी खाली उतरून कापायचा असतो. चांगला सुरा आणि पोहायचा चष्मा हाताशी ठेवा. आणि कोळ्याचं जाळं कापलंत तर थांबा, बोला, भरपाई द्या. पुढच्या बंदरात तुमच्याआधी बातमी पोचलेली असते.

---

मालवणी खडप, २३ सप्टेंबर

माका एकच सांगूचा आसा. मालवणात रातीचा भितर येव नको. किल्ल्याच्या आजूबाजूक सगळी खडपां. दिवस असताना ये, वाटाड्यो घेवन ये. नायतर देवगडाक रव आणि आंबे नसले तरी बांगडे खा.

---

खाडीकाठचा, १७ जानेवारी

पणजीहून लिहितोय. पोचलो!

तुकडे करूनच आलो. डिसेंबरच्या सुट्टीत चौघं मुंबई ते जयगड. मग लेक आणि बायको गाडीने घरी. जानेवारीत बाबा, मी आणि एक मित्र जयगड ते विजयदुर्ग. संक्रांतीच्या जोडसुट्टीला दोघी कणकवलीला उतरून पुन्हा बोटीवर.

काय जमलं: तिथीचं गणित. हर्णैला नांगर पडला तेव्हा सुवर्णदुर्गाच्या आडोशाला पाणी काचेसारखं, आणि काठावर मासळीचा लिलाव ऐन रंगात. विजयदुर्गाच्या खाडीत तर तोंडाला बारच नाही, सरळ आत. आंग्रे आणि पेशव्यांनी आरमार इथे का ठेवलं ते कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही. बाबांनी गिर्ये गावातली जुनी गोदी बघायला हट्टाने नेलं आणि दगडात कोरलेला तो खळगा बघून तासभर बसून राहिले.

काय फसलं: रत्नागिरीच्या आधी इंजिन गरम होऊन बंद पडलं. थंड पाणी ओढणाऱ्या नळीत प्लास्टिकची पिशवी. वारा शून्य, दोन तास तरंगत होतो. मित्राला गोळी घेऊनही उलट्या, बाबा मात्र आगळ-पाणी पीत ताठ. गॅसचा नियम मी एकदा मोडला, बायकोने दोन दिवस चहा दिला नाही.

जोड कीलचा एक आनंद कोणी सांगितला नव्हता. जयगडच्या खाडीत एका चिखलाच्या काठावर ओहोटीला बोट आपल्या दोन पायांवर उभी राहिली. आम्ही खाली उतरून ब्रशने बुड घासलं, पाणी चढलं, पुन्हा तरंगली. गावातली पोरं बघायला जमली होती. एकाने विचारलं, 'काका, हिला पाय कधी फुटले?'

आता परतीची पौर्णिमा गाठायची आहे. दर्यादिल, तुमची ३८ फुटी अजून विकली गेलेली नाही, चौकशी करून ठेवलीय.

---

दर्यादिल, १७ जानेवारी

नको. मी बादली शोधतोय.

---

दोन पोरांची आई, १८ जानेवारी

अभिनंदन! लेकीने काय लिहिलंय डायरीत ते सांगा, बाकी तुमच्या कीलचं पुरे.

---

खाडीकाठचा, १८ जानेवारी

डायरी वाचायला मनाई आहे. एक प्रश्न राहिला. पावसाळ्यात बोट ओढून शाकारायला विजयदुर्गाच्या आत कोणी जागा देईल का? जूनच्या आधी ठरवायला हवं.

---

मालवणी खडप, १९ जानेवारी

आमच्या मामाच्या आवाठात जागा आसा. झाप तुमचे, माड आमचे. फोन नंबर निरोपातून धाडतंय.